सातव्या ओळीतली खिडकी

यादी फुलस्केपच्या दोन्ही बाजूंना लिहिलेली होती. वर ठळक शीर्षक, ‘इंग्रजीला संस्कृतची देणगी’, आणि खाली पंचवीस जोड्या. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, ती आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लागायची होती. यादी केली होती तळमजल्यावरच्या नानांनी. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर संस्कृत शिकवलेलं, अक्षर अजून वळणदार. मी मुद्रितशोधन करते, त्यामुळे सोसायटीतला कुठलाही कागद ‘जरा नजर टाक गं’ म्हणून माझ्याकडेच येतो.

ऱ्हस्व-दीर्घात काही खोट निघणार नव्हतीच. मी अडकले ती सातव्या ओळीत : विंडो – वातायन.

“नाना, हे कशावरून?”

“कशावरून काय! वात म्हणजे विंड. वातायन म्हणजे वारा यायची वाट. वातायन, विंडायन, विंडो. झिजला शब्द.”

सरळ चुकीच्या जोड्या पाच मिनिटांत निकालात निघतात. ‘डे – दिवस’ ही जोडी तशी निघाली. दोन्ही शब्द द-ड ने सुरू होतात आणि अर्थही एकच, तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नाना हळहळले, पण त्यांनी काट मारली. ‘मदर – मातृ’सारख्या जोड्यांचं नातं पक्कं, तिथे वाद नव्हता. सातवी ओळ मात्र अर्धी खरी होती, आणि अर्ध्या खऱ्याचा निकाल लावायला आम्हाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत काय झालं ते इथे लिहून ठेवते.

शब्दाचं मूळ शोधताना आजचं रूप आधी बाजूला ठेवायचं आणि सापडेल तितकं जुनं लेखन काढायचं. ‘विंडो’चा शेवटचा ‘ओ’ नानांना ‘अयन’ची झीज वाटत होता. सुमारे १२५० सालच्या एका मध्ययुगीन इंग्रजी काव्यात बायबलमधल्या नोहाची गोष्ट आहे. पूर ओसरल्यावर तो तारवाची खिडकी उघडतो, आणि तिथे हा शब्द ‘विंडोगे’ असा लिहिलेला आहे. म्हणजे शेवटी ‘ग’सारखं एक व्यंजन होतं आणि ते पुढे विरघळून ‘व’कडे गेलं. इंग्रजीत असं बऱ्याच शब्दांचं झालं आहे. धनुष्याला जुना शब्द ‘बोगा’ होता, त्याचा आज ‘बो’ झाला. ‘अयन’मध्ये ‘ग’ कुठून आणणार? नानांचा पहिला आधार इथेच डळमळला.

तो ‘ग’ आला उत्तरेकडून. आइसलँड-नॉर्वेच्या जुन्या भाषेत, म्हणजे ओल्ड नॉर्समध्ये, शब्द आहे ‘विंदआउगा’. ‘विंद्र’ म्हणजे वारा, ‘आउगा’ म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा.

मी हे सांगितलं तेव्हा नाना थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “डोळा? खिडकीला?” आणि हसले. ते का हसले ते मला दोन दिवसांनी कळलं. त्याबद्दल पुढे लिहीनच.

नॉर्स शब्द इंग्लंडमध्ये कसा शिरला हे सांगायला फार इतिहास लागत नाही. ७९३ साली लिंडिसफार्नच्या मठावर वायकिंगांचा, म्हणजे उत्तरेकडच्या नॉर्स बोलणाऱ्या दर्यावर्दी लुटारूंचा, छापा पडला, ८६५ मध्ये डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या, लोकांची मोठी फौज उतरली, पुढच्याच वर्षी यॉर्क त्यांच्या हाती गेलं. लुटायला आलेले तिथेच जमिनी कसत राहिले. १०१६ मध्ये तर क्नूट हा डेन इंग्लंडच्या गादीवर बसला. लढाईपेक्षा शेजार जास्त वर्षं टिकला, म्हणून घरातले, अंगणातले शब्द मिसळले. ‘एग’, ‘नाइफ’, ‘स्किन’, ‘लेग’ हे सगळे नॉर्स. ‘हजबंड’सुद्धा नॉर्स जोडशब्द आहे : ‘हूस’ म्हणजे घर, ‘बोंदी’ म्हणजे तिथे राहून कसणारा. सोसायटीच्या सभेत ज्या बायलॉजवरून दर वर्षी खडाजंगी होते, त्यातला ‘बाय’ही बहुधा त्याच लोकांचा, ‘गाव’ या अर्थाचा. हे ऐकून आमच्या सेक्रेटरींना फार बरं वाटलं, का कुणास ठाऊक.

मला जास्त रस होता तो ‘विंडो’ येण्याआधी इंग्रज खिडकीला काय म्हणत होते यात. त्यांच्याकडे दोन शब्द होते. ‘एआगदुरु’, म्हणजे डोळ्याचं दार, आणि ‘एआगथिरेल’, म्हणजे डोळ्याचं भोक. ‘एआग’ हेच आजचं ‘आय’. ‘थिरेल’ म्हणजे आरपार पडलेलं भोक. म्हणजे खिडकी हा डोळा आहे हे त्यांना परक्यांकडून शिकावं लागलं नाही. डोळा दोन्हीकडे होता, फरक इतकाच की नॉर्स लोकांच्या डोळ्यातून वारा यायचा.

आणि तो खरोखर यायचा. आपल्या डोक्यात खिडकी म्हणजे काच. त्या काळी साध्या घराला काच कुठली? ६७४-७५ च्या सुमारास बेनेडिक्ट बिस्कप या मठाधिपतीला मंकवेअरमथच्या चर्चला काचा बसवायच्या होत्या, तर कारागीर समुद्रापलीकडच्या गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्सकडून, आणावे लागले, कारण ब्रिटनमध्ये ती कला कुणाला येत नव्हती. हे बीड नावाच्या जुन्या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. चर्चची ही गत, मग शेतकऱ्याच्या लाकडी घराची गोष्टच सोडा. नॉर्स लांबघरांत मधोमध चूल पेटलेली, आणि धूर जायला छपरातच एक तोंड ठेवलेलं. त्याला त्यांचा वेगळा शब्द होता, ‘ल्योरी’, उजेडाशी नातं असलेला. भिंतीतलं भोक फळीने नाहीतर कातड्याने झाकायचं आणि उघडलं की गारठा घरात. अशा भोकाचं नाव ठेवताना वारा आठवावा यात नवल नाही. गंमत म्हणजे आज आइसलँडमध्ये खिडकीला ‘ग्लुग्गी’ म्हणतात आणि स्वीडनने लॅटिन वळणाचं ‘फन्स्तेर’ घेतलं. वाऱ्याचा डोळा राहिला तो डॅनिश-नॉर्वेजियन बोलणाऱ्यांकडे, इंग्रजांकडे आणि जिथे वायकिंगांनीच डब्लिन वसवलं त्या आयर्लंडमध्ये, ‘फुइन्योग’ या रूपात.

१०६६ नंतर उत्तर फ्रान्समधले नॉर्मन आले आणि फ्रेंचमार्गे लॅटिन ‘फेनेस्त्रा’ घेऊन आले. इंग्रजीत ‘फेनेस्टर’ हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘विंडो’च्या शेजारी चालत होता. मग मागे पडला. आज तो उरला आहे तो ‘डिफेनेस्ट्रेशन’ या भारदस्त शब्दात, १६१८ साली प्राग इथे तीन माणसांना खिडकीतून खाली फेकून दिलं त्यामुळे गाजलेल्या.

इथवर मी जिंकत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना वर आले, चहा घेतला आणि म्हणाले, “बरं, नॉर्स तर नॉर्स. पण तो नॉर्स ‘विंद्र’ कुठला? आणि ‘आउगा’ कुठला?”

प्रश्न रास्त होता. यादीच्या बाजूने बोलायचं तर इथूनच बोलता येतं.

‘विंड’ हा शब्द लॅटिन ‘व्हेन्टुस’चा आणि संस्कृत ‘वात’चा सख्खा नातलग आहे. तिघांच्या मुळाशी ‘वाहणे, फुंकणे’ अशा अर्थाचा एकच धातू, संस्कृतात ‘वा’. वायू त्यातलाच, आणि निर्वाणही, फुंकर बसून विझल्यासारखं. ‘आउगा’, ‘आय’, लॅटिन ‘ओकुलुस’, रशियन ‘ओको’ आणि आपलं ‘अक्षि’ हेही एका घरचे. मराठी बोलीने डोळ्यासाठी भलताच शब्द धरला, पण ‘प्रत्यक्ष’, ‘समक्ष’ म्हणताना तो जुना डोळा आपण रोज उघडतो.

नातं आहे हे नुसतं सारखं ऐकू येतं म्हणून मानायचं नसतं, नाहीतर ‘डे – दिवस’ने काय घोडं मारलं होतं? आवाज ठरलेल्या रस्त्याने बदलावे लागतात. याकोब ग्रिम या जर्मन भाषाभ्यासकाने १८२२ मध्ये हा रस्ता मांडला. संस्कृतात जिथे प, तिथे इंग्रजीत फ : पाद, फुट. जिथे द, तिथे ट : दंत, टूथ. जिथे त, तिथे थ : त्रि, थ्री. मग ‘वात’च्या जागी इंग्रजीत ‘विंथ’ हवं होतं. पण आहे ‘विंड’. शिवाय मध्ये ‘न’ घुसलेला.

‘न’चं उत्तर सोपं आहे. संस्कृत शत, लॅटिन ‘केंटुम’, इंग्रजी ‘हंड्रेड’ शेजारी ठेवा. तिथेही युरोपकडे अनुनासिक राहिलं आणि संस्कृतात ते ‘अ’मध्ये मुरलं. ‘वात’मध्ये तेच झालं. ‘थ’ऐवजी ‘ड’ का, हा मात्र पन्नास वर्षं लोकांना छळणारा प्रश्न होता. कार्ल व्हर्नर या डॅनिश माणसाने तो सोडवला आणि १८७७ मध्ये छापून आणला. किल्ली सापडली कुठे, तर वेदपठणात. वैदिक शब्दाचा उदात्त, म्हणजे उंच म्हणायचा, स्वर त्या व्यंजनाच्या लगेच आधीच्या अक्षरावर असेल तर इंग्रजीकडे ‘थ’ राहतो, नसेल तर ‘द-ड’ होतो. ‘भ्राता’चा स्वर पहिल्या अक्षरावर, म्हणून ‘ब्रदर’मध्ये जुन्या काळापासून थ-ध. ‘शतम्’चा स्वर शेवटी, म्हणून ‘हंड्रेड’मध्ये ड.

हे सांगताना मी कागदावर रेघा ओढत होते. नानांनी कागद बाजूला सारला. ताठ बसले आणि उजवा हात खाली-वर करत स्वरांसकट म्हणू लागले. ‘शतम्’ला हात बरोबर शेवटच्या अक्षरावर वर गेला. ‘भ्राता’ला पहिल्यावर. चौथीतल्या मुलाला गणिताचं उत्तर जुळल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. “म्हणजे त्या डॅनिश माणसाला आमच्या स्वरांवाचून ‘हंड्रेड’ कळला नाही!”

“नाही कळला.”

“मग आता ‘वात’ पाहू.” ते खाली गेले आणि ऋग्वेदसंहितेचा शेवटचा खंड घेऊन आले. दहाव्या मंडलातलं १८६वं सूक्त काढलं : वात आ वातु भेषजम्. वाऱ्याने औषध वाहून आणावं. एकाच ओळीत ‘वात’ हे नाम आणि ‘वातु’ हे त्याचंच क्रियापद. नानांनी म्हटलं, हात वर केला आणि थबकले. ‘वात’ आद्युदात्त निघाला. स्वर पहिल्या अक्षरावर.

म्हणजे व्हर्नरच्या हिशेबाने ‘विंड’मध्ये ड यायला नको. अभ्यासक यावर असं मानतात की जर्मानिक शाखेकडे, म्हणजे इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांच्या घराण्याकडे, याच शब्दाचं अंतोदात्त, शेवटच्या अक्षरावर स्वर असलेलं, भावंड गेलं होतं. मी ते सांगितलं. नाना म्हणाले, “सोयीचं दिसतंय.” मला उलटून बोलता आलं नाही, पण एक खरं की यामुळे नातं तुटत नाही, फक्त ‘विंड’ हे ‘वात’चं लेकरू नसून बहीण आहे एवढं जास्त ठसतं. लेकीने आईचा स्वर उचलला असता. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या एका उगमातून निघाल्या असाव्यात असं म्हटलं होतं. यादीच्या शीर्षकातला ‘देणगी’ हा शब्द मला खटकत होता तो यासाठीच. बहिणीला वारशात मिळालेली बांगडी तुम्ही दिलेली नसते.

नानांचं लक्ष मात्र भलतीकडे गेलं होतं. सूक्ताच्या माथ्यावर ऋषी, देवता, छंद यांची ओळ असते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पुस्तक माझ्याकडे वळवलं.

ऋषी : उलो वातायनः.

म्हणजे परंपरेने सांगितलेलं ‘वातायन’ हे इथे माणसाचं नाव आहे, वाताचा वंशज अशा अर्थाचं. कात्यायन, वात्स्यायन यांच्या रांगेतलं. त्याच मंडलातलं १६८वं सूक्त अनिल वातायनाच्या नावावर आहे. खिडकी अर्थाचा ‘वातायन’ वेगळा, वात आणि अयन म्हणजे वाट यांच्या जोडीतून केलेला. दोन्ही जोडण्या कागदावर सारख्या दिसतात, घडण निराळी. ज्या शब्दाच्या जोरावर सातवी ओळ उभी होती तो स्वतःच जुळा निघाला. नानांनी ही गोष्ट स्वतः शोधली, म्हणून ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त पटली. हे कबूल करायला हवं की माझ्या हाती ती लागली नसती.

आता डोळ्याचं. नाना पहिल्या दिवशी हसले होते ते ‘गवाक्ष’ आठवून. गवाक्ष, म्हणजे गाईचा किंवा बैलाचा डोळा. कार्ले, भाजे किंवा अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्यासमोर उभं राहिलं की दर्शनी भिंतीवर घोड्याच्या नालेच्या आकाराची जी भली थोरली कमान दिसते, ज्यातून उजेड आत स्तूपावर पडतो, ती चैत्यगवाक्ष. कार्ल्याला जाल तर त्या कमानीसमोर जरा थांबा. तो डोळा खरोखर उघडल्यासारखा वाटतो.

नानांनी पाणिनीचं सूत्र म्हणून दाखवलं : अक्ष्णोऽदर्शनात्. पाचव्या अध्यायातलं. समासाच्या शेवटी ‘अक्षि’ आलं आणि त्याचा अर्थ बघण्याचा डोळा नसेल, तर शब्द अकारान्त होतो, ‘अक्षि’चं ‘अक्ष’ होतं. पोरांना शिकवताना ‘गवामक्षीव गवाक्षः’ हेच उदाहरण देतात. मला हे सूत्र माहीत नव्हतं. न बघणाऱ्या डोळ्यासाठी व्याकरणात स्वतंत्र नियम करून ठेवणारा माणूस! नॉर्स लोकांच्या ‘आउगा’लाही तो लागू पडला असता.

तर निकाल असा दिसू लागला. ‘विंडो’चा पहिला तुकडा ‘वातायन’च्या पहिल्या तुकड्याचा नातलग, दुसरा तुकडा ‘गवाक्ष’च्या दुसऱ्या तुकड्याचा. विंडो संस्कृतात शब्दशः उतरवायचा तर ‘वाताक्ष’ म्हणावं लागेल, आणि तसा शब्द संस्कृतात खिडकीसाठी कुणी केला नाही. कालिदास रघुवंशाच्या सातव्या सर्गात अजाची मिरवणूक बघायला बायका गवाक्षांत गोळा करतो, मेघाला यक्षपत्नीच्या सौधावरच्या वातायनात बसवतो, पण ‘वाताक्ष’ त्याच्याकडेही नाही.

नानांनी शेवटचा डाव टाकला. “तुकडे एका आईचे आहेत ना? मग जोडही आईच्या घरीच झाली असेल. पोरांनी अर्धी अर्धी वाटून घेतली.”

याला उत्तर द्यायला इतर भावंडांची घरं पाहावी लागली. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबल गॉथिकमध्ये, म्हणजे इंग्रजीच्या एका जुन्या, आता लोपलेल्या बहीणभाषेत, आणलं. त्यात संत पॉलला दमास्कसच्या तटाच्या खिडकीतून टोपलीत बसवून खाली सोडतात, तिथे शब्द आहे ‘आउगादौरो’, डोळ्याचं दार. त्याच ओळीत मूळ ग्रीक शब्द आहे ‘थुरीस’, नुसतं लहानसं दार. लॅटिनचं ‘फेनेस्त्रा’ कुणातच बसत नाही, ते एत्रुस्कन लोकांकडून, म्हणजे रोमनांच्या जुन्या शेजाऱ्यांकडून, आलं असावं असं म्हणतात. रशियन ‘ओक्नो’मध्ये नुसता डोळा. स्पॅनिश ‘व्हेंताना’मध्ये नुसता वारा, आणि तोही लॅटिनपासून फुटल्यावर स्पॅनिशने स्वतः केलेला. आईच्या घरी खिडकीला एकच ठरलेलं नाव असतं तर दोन-तीन लेकींकडे तरी ते जसंच्या तसं सापडलं असतं. ज्याने त्याने आपापल्या भिंतीला भोक पाडल्यावर नाव ठेवलं. डोळा, वारा, दार, सुचण्यासारखं यापलीकडे फार काही नसतं.

आपल्या ‘खिडकी’चंही तसंच. ती ‘खडक्किका’ या बाजूच्या दाराच्या नावावरून आलेली. (पुण्याच्या खडकीशी तिचा संबंध नाही. नानांच्या यादीत ते नव्हतं, पण आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने विचारलं.) आणि गोव्यात कोकणीत जे ‘जनेल’ म्हणतात ते पोर्तुगीज ‘जनेला’, त्याच्या मागे लॅटिन ‘यानुआ’, पुन्हा दारच. तिथल्या जुन्या घरांच्या जनेलांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या असतात. तिथे वारा अडतो, उजेड येतो.

२६ तारखेच्या रात्री नानांनी सातवी ओळ नव्याने लिहिली. शब्द त्यांचेच, मी एक अनुस्वार तेवढा घातला :

‘विंडो : यातली “विंड” ही “वात”ची बहीण, “ओ” ही “अक्षि”ची. माहेर एक, लग्नं वेगवेगळ्या घरी.’

शीर्षकातली ‘देणगी’ त्यांनी खोडली. जागी काय लिहायचं ते ठरेना, म्हणून यादी शीर्षकाशिवायच लागली. फळ्यासमोर उभं राहून सेक्रेटरींनी विचारलं, “लग्नं म्हणजे काय?” नानांनी त्यांना तिथेच अर्धा तास पकडून ठेवलं.

मी तोवर खालच्या ओळी वाचत होते. एकोणिसाव्या क्रमांकावर ‘नॉस्ट्रिल – नासिका’ होतं आणि ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. ‘नॉस्ट्रिल’ म्हणजे जुनं ‘नोसथिर्ल’, नाकाचं भोक. ‘नोस’ आणि ‘नासा’ बहिणी, ते ठीक. पण पुढचं ‘थिर्ल’? ‘विंडो’ने ज्याला घराबाहेर काढलं त्या ‘एआगथिरेल’मधलं ते भोक इथे नाकात येऊन लपलं होतं. ते ‘थ्रू’पासून झालेलं, आणि ‘थ्रू’चं नातं जातं आपल्या ‘तिरस्’कडे, आरपार, पलीकडे.

“नाना,” मी हाक मारली, “एकोणीस नंबर बघायचा राहिला.”

सेक्रेटरींनी ती संधी साधली आणि लिफ्टकडे गेले.